गढूळ फ्लास्क
बहिणीच्या लग्नाहून क्युबेकच्या प्रयोगशाळेत परतल्यावर ओडीलला धुवायचे राहिलेले दोन फ्लास्क दिसले. एकात नेहमीचे जिवाणू, दुसऱ्यात विषाणूंविरुद्धचं शस्त्र काढून घेतलेले. दोन्हींत जिवाणूंची दाटी होऊन पाणी गढूळ झालेलं. आजवर ती विरळ जिवाणूंवर विषाणू सोडायची. शस्त्र असूनही जिवाणू मरून पाणी नितळ व्हायचं. मार्गदर्शक थेरियोमॅडम विषयच बंद करणार होत्या. वैतागून तिने दाटीवरही विषाणू ओतले. दुसऱ्या दिवशी निःशस्त्रांचा फ्लास्क नितळ होता, नेहमीच्यांचा मात्र गढूळच. तिने मॅडमना बोलावलं. "जिवंत आहेत. एकटे असताना शस्त्र म्यान करतात, नाहीतर स्वतःलाच लागेल. गर्दीत रोगाच्या साथीची भीती, तेव्हा उपसतात." "आधी बघू दे, मग हुरळ." मॅडमनी फ्लास्कमागे वर्तमानपत्र धरलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एक अक्षर दिसेल तर शपथ," त्या हसल्या आणि फ्लास्क दाखवायला शेजारच्या प्रयोगशाळांची दारं ठोठावत सुटल्या.