सपाट फरशी

ठेकेदाराने बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे गेलंच नाही. मधोमध पसरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

“बघितलंत?” खालच्या मजल्यावरच्या बाई दारातूनच म्हणाल्या. “हेच पाणी माझ्या छतात मुरतंय. काल भलामोठा पोपडा पडला, तो थेट नातीच्या पाळण्यात. नशीब, ती तेव्हा माझ्या मांडीवर होती.”

ठेकेदार म्हाताऱ्या मिस्त्रीकडे वळला. “उतार कुठाय?”

“दिला होता.” मिस्त्री ओणवा होऊन लाद्यांवरून हात फिरवत होता. लाद्या त्याच, रंगही तोच. “चांगला दिला होता. म्हणजे... मला तरी तसंच आठवतंय.”

“मग पाण्याला चालायचा कंटाळा आलाय का? नाक कापलंत माझं. वय झालं तुमचं, मिस्त्री. उद्यापासून कामावर येऊ नका.”

घरमालक टॉवेलची दांडी धरून उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. ठेकेदाराला बोलावलं होतं त्यानेच, तेही आवाज चढवून: काम तुमचं, दोष तुमचा, निस्तरायचंही तुम्हीच. आता मिस्त्री आपल्याच हातांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मालकाला लाज वाटली. लाज वाटूनही तोंड उघडत नाही, याची त्याहून जास्त वाटली.

तेवढ्यात काठी टेकत त्याची आई आली.

“चहा टाकलाय, आधी दोन घोट घ्या सगळे. आणि त्या फरशीला नावं ठेवू नका हं! माझ्या लेकाने स्वतःच्या हाताने बसवलीय ती. उतारावर माझा पाय घसरायचा. पठ्ठ्याने रजा काढली, जुनी फरशी उखडली, खालचा तो डांबरासारखा काळा थरसुद्धा खरवडून काढला, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून. उरलेल्या लाद्या लावून अशी सपाट केली, की आता डोळे मिटून चालते मी.”

“म्हणजे पाणी अडवणारा थरच गेला,” ठेकेदार पुटपुटला. मिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उभा राहिला.

आईने एकेकाचा चेहरा पाहिला. सगळ्यात शेवटी लेकाचा.

“का... मिस्त्रींनीच केली होती?” ती चाचरत म्हणाली. “वय झालं बाबा. हल्ली काही आठवत नाही.”

खोटं बोललं की कान पिळणारी त्याची आई. ती आता मिस्त्रीची नजर चुकवत होती.

“नाही, आई,” तो म्हणाला. “तुला सगळं नीट आठवतंय. मिस्त्रींनाही.”