कापशाचे केस

पूडल कुत्र्याचे केस गळत नाहीत, नुसते वाढत राहतात. त्यामुळे कापशाच्या बरगडीवरचा जांभळा डाग मशीन फिरेपर्यंत कुणाला दिसलाच नव्हता. त्याच्या कडा पिवळसर पडल्या होत्या. शेजारचा दुसरा डाग ताजा होता.

"अगं बाई, हे काय?" केस कापणारीने मशीन बंद केलं.

"जिन्यावरून पडला," सून म्हणाली. उत्तर तिच्या तोंडात तयारच होतं.

"चार-चार पाय असून?" केस कापणारी हसली.

सासू कापशाचं डोकं धरून उभी होती. "भांड्याला भांडं लागायचंच," असं ती सुनेला लग्नापासून समजावत आली होती. शेजारणींनी सुनेबद्दल विचारलं की "बाथरूममध्ये घसरली" हेही तीच सांगायची. कापशाने तिच्या तळहातात तोंड खुपसलं होतं. अंग थरथरत होतं, पण तो हूं की चूं करत नव्हता.

"पडला नाही तो," सासू म्हणाली. "माझा मुलगा मारतो. ह्याला, आणि हिलाही. चल गं, पोलिसांत तक्रार मीच देते."