पस्तीस मिनिटांचं भाषण

इंजिनिअरने भाषणाचे मुद्दे पुन्हा एकदा क्रमाने लिहिले आणि कागद बायकोपुढे सरकवला. संध्याकाळी शाळेत त्याच्या जुन्या सरांचा सत्कार होता आणि प्रमुख पाहुणा म्हणून त्याला बोलावलं होतं.

वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली. नवरा लहानपणापासून बोलताना अडखळतो, घरात क्वचित, चारचौघांत हमखास. 'प' आणि 'क' तर त्याचे हाडवैरी. त्याचं भाषण तयार करायचं म्हणजे आधी हे शब्द तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायचे. आयुष्यभर पूल बांधले, पण चारचौघांत गडी कधी 'पूल' म्हणाला नाही. 'आपलं ते बांधकाम' म्हणून वेळ मारून नेतो.

"अहो, हे काय? प्रास्ताविक, परिचय, पहिली पायरी, परिश्रम, कर्तव्य, कृतज्ञता. सगळे वैरी एका रांगेत बसवलेत."

"मुद्दाम बसवलेत."

"लोक हसतील."

"हसू देत. सातवीत सरांनी मला बाकावर उभं करून कविता म्हणायला लावली होती. अडकलो की पुन्हा सुरुवातीपासून. वर्ग हसत होता आणि सर टेबलावर ठेका धरून बसले होते. तास संपला तेव्हा कुठे खाली उतरवलं."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"आज ते माझ्या शेजारी बसणार. सत्कारमूर्ती. मधेच उठून जायची सोय नाही. मी सावकाश, एकेक शब्द पुरा करणार. एकही गाळणार नाही."

त्याचा आवाज अगदी शांत होता. इतक्या वर्षांत तो राग जरासुद्धा निवला नव्हता, आणि कधी न पाहिलेल्या त्या माणसाची आता तिलाही चीड आली.

"किती वेळ होतो?"

"घड्याळ लावून प... प... पाहिलं. बावीस मिनिटं."

"आणि तो तास कितीचा होता?"

"पस्तीस मिनिटांचा."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या हातातलं पेन घेतलं.

"मग तेरा मिनिटं कमी पडतात. पालक, पदाधिकारी, प्राचार्य, सगळ्यांची पदव्यांसकट नावं घ्या. आणि शेवटी नुसते आभार मानू नका, ते तुम्हाला सोपं जातं. 'परमपूज्य सरांना कोटी कोटी प्रणाम' म्हणा. दोनदा."