मायफळ समजून

मुलीला सकाळपासून जुलाब होत होते, म्हणून केतकीने सहाणेवर मायफळ उगाळून तिला चाटवलं. मुलगी झोपली. दुपार कलली तरी ती दुधाला उठेना, तेव्हा घाबरून केतकीने गावी गेलेल्या सासूबाईंना फोन लावला.

"मायफळच होतं ना? ते फळ नव्हे, ओकच्या झाडाला किड्याने आणलेली गाठ असते. किडा बाहेर पडल्याचं बारीक भोक असतं बघ त्याला."

केतकीने सहाणेवरचा तुकडा उचलला. "भोक नाही, आई. श्रीखंडासारखा वास येतोय."

"अगं, ते जायफळ. त्याने गुंगी येते. किती उगाळलंस?"

"बरंच."

"उचल तिला. दवाखान्यात पळ."

रिक्षात केतकी मुलीच्या तळव्यांना चिमटे काढत राहिली. पाय ढिलाच होता. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर उजेड पाडला, छाती जोरात चोळली. बऱ्याच वेळाने मुलीचे ओठ थरथरले, आणि तिने टाहो फोडला.

नर्स तिला थोपटायला पुढे झाली. केतकीने नर्सचा हात धरला.

"नको ना. रडू द्या तिला."