भुऱ्याची जागा

प्रकाशन समारंभाच्या व्यासपीठावर बसल्या बसल्या मी माझी चित्रं असलेलं मुलांच्या गोष्टीचं नवंकोरं पुस्तक उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. एकाही पानावर कुत्रा नव्हता.

आमच्या गल्लीतला तीन पायांचा भुऱ्या. महिनाभर त्याच्या मागे पेन्सिल घेऊन हिंडले, शंभरदा खोडलं, तेव्हा कुठे तो कागदावर त्याच्यासारखा पळायला लागला होता.

"मिराशी सर, माझा कुत्रा कुठाय?" मी शेजारी बसलेल्या संपादकांना विचारलं.

"कॉम्प्युटरवर पुसून टाकला," ते कुजबुजले. "गोष्टीत कुत्रा नव्हताच. तुम्ही घुसडलात, आणि तोही लंगडा! मुलांना उगाच वाईट वाटतं. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"मला विचारायचं तरी!"

"अहो, छपाईची घाई होती. आता इथे तमाशा नको."

मी दातओठ खात पुस्तक मिटलं. चित्रांबद्दल बोलायला माझ्या हातात माईक आला, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उघडं पुस्तक उंचावून उभी राहिली. त्या पानावर आजी वाकून हात पुढे करत होती, पोरं टाळ्या पिटत होती, झाडावरची खारसुद्धा मान वळवून बघत होती. सगळ्यांच्या नजरा रस्त्याच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे.

"मावशी, ही सगळी कुणाकडे बघतायत?"

मी माईक मिराशी सरांच्या हातात कोंबला.

"सांगा तिला."