टोपडं घातलेला गोळा

“बाळाच्या पाळण्याची झडती घेता, सायेब? सरकार झालं म्हनून लाजबी सोडली का?” नातवाच्या बारशाला जमलेल्या बायांदेखत आक्काबाईनं फौजदाराला फटकारलं.

बेचाळीस साल होतं. नगर शहरात घरोघर लपवलेली हत्यारं हुडकायचा सपाटा चालला होता. बारशात वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्याखालून देतात. आक्काबाईचा वरवंटा फुटलेला, म्हणून परसात खड्डा खणताना सापडलेल्या लोखंडी गोळ्यालाच तिनं टोपडं चढवलं होतं.

फौजदारानं टोपडं ओढलं आणि ओरडला, “तोफेचा गोळा!” तिथल्या तिथं तिच्या लेकाला, भीमाला, बेड्या पडल्या.

“मीठ कुटते मी त्यानं. तोफ कुठं दिसली तुमाला, चुलीत?” आक्काबाई म्हणाली. बाया फिसकन हसल्या.

बरोबरच्या गोऱ्या साहेबानं गोळा घासून पाहिला. गंजाखाली बाणाचा शिक्का निघाला, तशी त्याची छाती फुगली. मोडक्या मराठीत तो गरजला, “हे आमच्या फौजेचं निशाण! माल सरकारी आहे. तुम्ही चोरला!”

आक्काबाईनं पदर खोचला.

“बायांनो, ऐकलं ना? गोळा ह्यांचा हाय, हे ह्येच बोलले. आवं, चोरायला आमी तुमच्या दारात न्हाई आलो. तुमी नगर घेतलं तवा तुमचा गोळाच माज्या सासऱ्याच्या आज्याच्या परसात येऊन पडला. घर आमचं, तोफ तुमची. बेड्या मग घाला, सायेब. आधी सांगा, ह्यो डागला कुनावर हुता?”