पाचवा खांब

टार्पनने गळ गिळला आणि रेमिहिओने नांगराची दोरी सोडून दिली. दोरीला तरंगता फुगा बांधलेला होता. नांगर मागाहून उचलता येतो, मासा काही थांबत नाही. माणसाच्या उंचीचा तो मासा जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबाकडे सुसाट निघाला. बोटीच्या पुढच्या टोकाला रेमिहिओचं गिऱ्हाईक, म्हातारा व्हिटकॉम, गळाची वाकलेली काठी पोटाशी दाबून उभा होता. सहा वर्षं तो दर जूनला ओहायोहून यायचा, आणि अजून एकही टार्पन त्याच्या हाती लागला नव्हता. मासा खांबाला वळसा घालून पलीकडे पाण्याबाहेर उसळला. रेमिहिओने तो पाहिलाच नाही. त्याची नजर पाचव्या खांबावर खिळली होती. तिथे माणसं चढत होती.

पाच जण होते. खाली ट्रकच्या ट्यूबा बांधून केलेला तराफा खांबावर आपटत होता. दोघांनी एका म्हातारीला वर ओढून घेतलं. ती सिमेंटवर ओठ टेकून रडू लागली. त्यांच्यातल्या दाढीवाल्याने रेमिहिओला हात केला आणि स्पॅनिशमध्ये ओरडून सांगितलं, "पोचलो रे भाऊ आम्ही."

क्युबाहून पाण्यावाटे येणाऱ्यांसाठी तेव्हा फ्लोरिडात सरळ हिशेब होता. पाय जमिनीला लागले तर राहा, पाण्यात सापडलात तर परत जा. आणि हा जुना पूल कसला पूल? नवा झाल्यावर याचे गाळे काढून नेलेले. उरलेले खांब कुठल्याच किनाऱ्याला जोडलेले नव्हते. सरकारच्या लेखी ते पाणीच. बिचारे पाण्यात उभे राहून देवाचे आभार मानत होते. बारा वर्षांपूर्वी रेमिहिओही असाच ट्यूबवरून आला होता. त्याचे पाय वाळूला लागले. पाठोपाठ येणारा भाऊ, ओस्मेल, गुडघाभर पाण्यात धरला गेला. तो परत गेला तो गेलाच.

दक्षिणेकडून गस्तीची बोट येताना दिसली. किनाऱ्याची वाळू खांबापासून तीनशे हातांवर होती. पाच जणांना बोटीत घालून नेणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण मग तो माणसांची चोरटी ने-आण करणारा ठरला असता. परवाना जाणार, बोट जाणार, वर तुरुंग. सुकाणूवरचा त्याचा हात हलेना. त्याला स्वतःची किळस आली. हाताने होत नाही म्हटल्यावर तो नरडं फाटेस्तोवर ओरडला.

"ती जमीन नाही. तिथं थांबलात तर परत धाडतील. उड्या मारा, वाळू गाठा."

वरची माणसं आधी हसली. आपल्याच भाषेतला माणूस आपल्याला पुन्हा समुद्रात लोटतोय, कोण ऐकेल? रेमिहिओने ओरडून ओरडून ओस्मेलचं सांगितलं. तेवढ्यात दाढीवाल्याला गस्तीची बोट दिसली. त्याने तराफ्याची एक ट्यूब सोडवून म्हातारीला तिच्यात बसवलं, आणि सगळे पाण्यात उतरले.

"कॅप्टन, बोट डावीकडे घे," व्हिटकॉम खेकसला.

रेमिहिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे माणसं मरायला टेकलीत आणि याला मासा सुचतोय. पण गिऱ्हाइकाचं ऐकायची हाताला सवय होती. बोट डावीकडे गेली. काठीवरची चरखी किंचाळत गळाची दोरी सोडत होती. म्हातारा आणखी डावीकडे म्हणाला, मग थांब म्हणाला. आता तिसऱ्या खांबापासून बोटीपर्यंत दोरी ताणलेली होती, ती थेट गस्तीच्या वाटेत. पोहणारे तिच्या पलीकडे होते.

त्या पाण्यात एक दंडक आहे. टार्पन लागलेल्या दोरीवरून कुणी बोट घालत नाही. शिवाय तसली जाड दोरी पंख्यात गुंतली की बोट जागीच लंगडी होते. गस्तीची बोट मंदावली. कर्ण्यातून हुकूम आला, दोरी कापा आणि बाजूला व्हा. रेमिहिओने खरंच सुरी काढली. हुकूम म्हटला की तो अजूनही मुकाट पाळायचा.

"हात लावलास तर उचलून पाण्यात टाकीन," म्हातारा मागे न बघता म्हणाला. "सहा वर्षं थांबलोय मी."

मग त्याने गस्तवाल्यांना हाताचं एक बोट वर करून दाखवलं, एक मिनिट म्हणून. गस्तवाल्यांनी शिव्या हासडल्या. पण तेही इथलेच. त्यांनी बोट मागे घेतली आणि उथळ पाणी टाळत लांबच्या खांबांमधून फिरून यायला निघाले.

रेमिहिओ पाण्यावरची डोकी बघत होता. पाच होती, मग चारच दिसली, मग पुन्हा पाच. ओढ म्हातारीची ट्यूब बाहेर खेचत होती. दाढीवाला ती छातीने रेटत होता. एक जण वाळूवर उभा राहिला, पडला, रांगत पुढे गेला. बाकीचे पोचले. म्हातारीला सगळ्यात शेवटी दंडाला धरून ओढलं. तिच्या टाचा पाण्याबाहेर आल्या तेव्हा गस्तीची बोट वीस हातांवर होती.

रेमिहिओ मटकन खाली बसला आणि पोटभर रडला. मग डोळे पुसून तो कामाला लागला. गिऱ्हाइकाचा मासा अजून गळाला होता ना. त्याने बोट तिसऱ्या खांबाकडे नेली.

खांबातून निघालेल्या गंजक्या सळईला दोरीने दोन वेढे घातले होते. पलीकडचं टोक तुटून लोंबत होतं. त्याला गळ नव्हता, मासा नव्हता.

व्हिटकॉमने काठी खाली ठेवली. त्याचा शर्ट घामाने निथळत होता.

"कधी सुटला?" रेमिहिओने विचारलं.

"पहिल्याच उडीला," म्हातारा म्हणाला. "तू त्या माणसांकडे बघत होतास, तेव्हाच."